सात आडनावांचं बेट

वसईत किंवा गोव्यात कुणी डिकुन्हा भेटले तर आपल्याला नवल वाटत नाही. पण ज्या बेटाच्या नावातच कुन्हा आहे, तिथे या आडनावाचं एकही घर नाही. ट्रिस्टन द कुन्हा हे ते बेट. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्यामधल्या अथांग अटलांटिकमध्ये, अडीचशेहून कमी वस्तीचं.

१५०६ साली त्रिस्ताव द कुन्हा हा पोर्तुगीज दर्यावर्दी हिंदुस्थानच्या वाटेवर होता. त्याच्या ताफ्यात अफोन्सो द अल्बुकर्क होता, ज्याने चारच वर्षांनी गोवा घेतलं. वाटेत दक्षिण अटलांटिकमध्ये त्यांना समुद्रातून सरळ वर आलेला एक डोंगर दिसला. समुद्र खवळलेला होता, त्यामुळे उतरणं जमलं नाही. त्रिस्तावने बेटाला आपलं नाव दिलं आणि जहाजं पुढे काढली. त्याचा मुलगा नुनो द कुन्हा पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे आली, ती त्याच्याच कारकिर्दीत. बापाच्या वाट्याला एक बेट आलं, लेकाच्या वाट्याला सात.

बापाचं बेट किती लांब आहे? जवळात जवळची मानवी वस्ती म्हणजे सेंट हेलेना, उत्तरेला सुमारे २,४०० किलोमीटरवर. मुंबई ते दिल्ली विमानाने जेवढं अंतर आहे त्याच्या दुप्पट, आणि मध्ये फक्त पाणी. केपटाउन सुमारे २,८०० किलोमीटर. बेटावर विमानतळ नाही. केपटाउनहून जहाजाने आठवडाभर लागतो, आणि पोचल्यावर समुद्र शांत नसेल तर किनारा समोर दिसत असताना दिवसेंदिवस जहाजातच बसून राहावं लागतं. त्रिस्ताववर जी पाळी आली ती पाहुण्यांवर अजून येते.

बेट जवळपास गोल आहे, व्यास साधारण बारा किलोमीटर, क्षेत्रफळ ९८ चौरस किलोमीटर. ते म्हणजे एका ज्वालामुखीचा पाण्यावर राहिलेला शेंडा. त्याचं शिखर, क्वीन मेरीज पीक, २,०६२ मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरने जास्त, आणि तेही समुद्राच्या काठापासून थेट चढत गेलेलं. बहुतेक बाजूंनी सहाएकशे मीटरचे कडे सरळ पाण्यात उतरतात. वायव्येला तेवढा एक सपाट पट्टा आहे आणि बेटावरचं एकुलतं एक गाव त्याच्यावर वसलं आहे. गावाचं कागदोपत्री नाव एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज, १८६७ साली ड्यूक ऑफ एडिनबरा येऊन गेला त्याच्या स्मरणार्थ. हे भारदस्त नाव बेटावर कुणी घेत नाही, ते नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. आपल्याकडे घरच्यांनी शहराला ‘गाव’ म्हणावं तसं.

इथला खडक काळा बेसाल्ट, आणि याच्याशी आपलं जुनं नातं आहे. सह्याद्री ज्या लाव्हाच्या थरांनी बनला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताच्या भूपट्टाखालच्या एका हॉटस्पॉटमधून वर आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. हॉटस्पॉट म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तापलेला खडक सतत वर येत राहतो अशी जागा. ती जागा बरीचशी स्थिर असते, वरचा भूपट्ट सरकत जातो. शेगडी जागेवर आणि तवा हळूहळू ओढला जातोय असं समजा, तव्याला डागांची एक रांग पडत जाईल. दख्खनचा लाव्हा हा त्या रांगेतला पहिला मोठा डाग. मग लक्षद्वीप-मालदीव-चागोसची समुद्राखालची डोंगररांग आणि शेवटी मॉरिशस, रीयुनियन. रीयुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे.

ट्रिस्टन हे अटलांटिकमधलं रीयुनियन. त्याच्या शेगडीवरचा पहिला डाग दख्खनच्या दुप्पट जुना, सुमारे १३ कोटी वर्षांचा. तेव्हा आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांना चिकटलेल्या होत्या. तिथे लाव्हाचे पूर वाहिले, भूखंड फाटला, मध्ये अटलांटिक शिरला आणि तो लाव्हा दोन्हीकडे वाटला गेला. मोठा वाटा ब्राझीलच्या पाराना खोऱ्यात गेला, लहान नामिबियातल्या एतेंदेकात. नामिबियाच्या किनाऱ्यापासून ट्रिस्टनच्या दिशेने समुद्राच्या तळाशी वॉल्विस नावाची हजारो किलोमीटरची डोंगररांग पसरली आहे. तव्यावरच्या डागांची ती ओळ. एतेंदेकाच्या सपाट माथ्याच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचे फोटो पाहिले की क्षणभर नाशिककडचे डोंगर आठवतात, फक्त हिरवाई वजा.

शेगडी अजून विझलेली नाही. २००४ साली बेटाजवळ समुद्राच्या तळाशी उद्रेक झाला आणि पाण्यावर तरंगणारे सच्छिद्र दगड किनाऱ्याला लागले. त्याआधीचा, १९६१ चा उद्रेक मात्र थेट गावाच्या उंबऱ्याशी झाला. तो पुढे येईल.

आता माणसं. एरवी इतक्या आडबाजूच्या बेटावर राहायला जायचं कारण कुणाला नव्हतं. १८१० मध्ये जोनाथन लॅम्बर्ट नावाच्या एका अमेरिकनाने इथे उतरून स्वतःला बेटांचा मालक जाहीर केलं, दोन वर्षांत तो समुद्रात बुडाला. मग १८१६ मध्ये ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतलं, आणि कारण होतं नेपोलियन. त्याला सेंट हेलेनावर कैदेत ठेवलं होतं, त्याच्या सुटकेसाठी कुणी ट्रिस्टनचा तळ म्हणून वापर करू नये म्हणून इथे फौज बसवली. २,४०० किलोमीटरवरच्या कैद्यासाठी पहारा! वर्षभरात फौज परत गेली. विल्यम ग्लास हा स्कॉटिश कॉर्पोरल बायकोमुलांसह मागे राहिला, सोबत एक-दोन साथीदार.

या मूठभर लोकांनी १८१७ मध्ये एक करार लिहून ठेवला. जनावरं, सामानसुमान सगळ्यांचं सारखं. नफा सारखा, खर्च सारखा. आणि कुणीही दुसऱ्यापेक्षा वरचढ समजला जाणार नाही, सगळे प्रत्येक बाबतीत बरोबरीचे. फौजेतून आलेल्या माणसांनी पहिली गोष्ट काय केली, तर हुद्दे मोडीत काढले. बेटाचा पुढचा सगळा कारभार समजून घ्यायचा तर मला हा कागद कुठल्याही राज्यघटनेपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

पुरुष जमले, बायका नव्हत्या. १८२७ मध्ये पाच अविवाहितांनी एका जहाजाच्या कप्तानाला गळ घातली की सेंट हेलेनाहून आमच्यासाठी बायका घेऊन ये. त्याने खरोखर पाच जणी आणल्या. त्या कशा तयार झाल्या, जहाजात काय बोलल्या असतील, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. इतिहासाला कप्तानाचं नाव बरोबर ठाऊक असतं. पुढे एक-एक जहाज फुटत गेलं आणि आडनावं वाढत गेली. १८३६ मध्ये पीटर ग्रून हा डच खलाशी किनाऱ्याला लागला, त्याचं ग्रीन झालं. १८९२ मध्ये ‘इटालिया’ जहाज फुटलं, त्यातले कामोली गावचे दोघे, रेपेटो आणि लाव्हारेलो, इथेच संसाराला लागले. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हेगन, रेपेटो, लाव्हारेलो अशी ही सात. अलीकडे लग्नांमधून एखाद-दुसरं नवं आडनाव आलं आहे.

आजची जवळजवळ सगळी वस्ती जेमतेम पंधरा पूर्वजांची. आठ पुरुष, सात बायका. अशा लहान, बंद समाजात मूळ माणसांपैकी एखाद्याकडे असलेलं जनुक पिढ्यान्‌पिढ्या गावभर पसरतं. जनुकशास्त्रात याला संस्थापक परिणाम म्हणतात. ट्रिस्टनवर तो दम्याच्या रूपाने दिसतो. १९९० च्या दशकात टोरांटोच्या संशोधकांनी गावाची तपासणी केली, तेव्हा निम्म्याच्या आसपास लोकांमध्ये दम्याची कमीअधिक लक्षणं आढळली. इतकी स्वच्छ हवा, कारखान्यांचा धूर नाही, आणि तरी हे. दम्याची जनुकं शोधणाऱ्यांना हे बेट म्हणून मोलाचं वाटलं. भाषेचंही तेच झालं. स्कॉटिश, इंग्लिश, डच, इटालियन आणि सेंट हेलेनाच्या बोलीचा काढा होऊन इथली इंग्रजी तयार झाली. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाला पुढे ‘ह’ लागतो, ॲपलचं हॅपल होतं.

कारभार कागदावर असा आहे: सेंट हेलेना, असेन्शन आणि ट्रिस्टन मिळून ब्रिटनचा एक सागरापारचा प्रदेश. २००९ च्या घटनेने तिघांना बरोबरीचा दर्जा दिला, त्याआधी १९३८ पासून ट्रिस्टन हे सेंट हेलेनाच्या अंकित होतं. गव्हर्नर सेंट हेलेनाला बसतो, त्याचा प्रशासक ट्रिस्टनवर असतो. सोबत बेट परिषद: आठ निवडून आलेले, तीन नेमलेले, निवडून येणाऱ्यांत किमान एक स्त्री हवी. पक्ष नाहीत. सर्वांत जास्त मतं मिळवणारा ‘चीफ आयलंडर’ होतो आणि प्रशासक बाहेरगावी असला की त्याचं काम पाहतो. आपल्याकडच्या लहान ग्रामपंचायतीएवढा पसारा, पण जमीन कुणाच्याच नावावर नाही. ती सगळ्या गावाची. बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही, इथे कायमचं राहायलाही येता येत नाही, नुसतं पाहायला यायचं तरी परिषदेची परवानगी लागते. कुरण मर्यादित असल्यामुळे कुणी किती जनावरं ठेवायची यालाही मर्यादा आहे. १८१७ चा कागद अजून काम करतो आहे.

नोकरी असली तरी प्रत्येक घराची बटाट्याची वाडी असतेच. या वाड्या गावापासून काही किलोमीटरवर, दगडी गडग्यांच्या आडोशाला. बटाटा हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांनीच आणला, पण त्यांच्या नावाच्या बेटावर बटाटा एके काळी चलनासारखा चालायचा. १९४६ मध्ये बेटासाठी टपाल तिकिटांचे नमुने तयार झाले, त्यातल्या एका पेनीच्या तिकिटावर किंमत छापली होती: चार बटाटे. लंडनने ते मंजूर केलं नाही. खरी तिकिटं १९५२ मध्ये आली आणि जगभरच्या संग्राहकांमुळे आज ती बेटाच्या कमाईचा भाग आहेत. मुख्य कमाई मात्र शेवंडांची, म्हणजे लॉब्स्टरची. इथल्या थंड पाण्यातली शेवंडं गोठवून परदेशी जातात. समुद्र चांगला असेल त्या पहाटे गावात टांगलेली लोखंडी नळकांडी बडवतात, तिला ‘डाँग’ म्हणतात. ती वाजली की होड्या निघतात. वर्षातले असे दिवस मोजकेच.

ट्रिस्टनच्या समूहातली बाकीची बेटं पक्ष्यांची. इनॲक्सेसिबल बेटावर आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला, जेमतेम चाळीस ग्रॅमचा एक पक्षी राहतो. जगातला सर्वांत लहान न उडणारा पक्षी. याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून उडत आले आणि इथे शिकारी प्राणीच नसल्याने उडणं सोडून बसले. गॉफ बेटावर दक्षिण आफ्रिकेचं हवामान केंद्र आहे. तिथे जहाजांतून आलेले घरगुती उंदीर अल्बट्रॉसच्या पिल्लांना जिवंत कुरतडतात. २०२१ मध्ये उंदीर संपवायची मोठी मोहीम झाली, पण काही महिन्यांतच एक उंदीर दिसला. २०२० मध्ये बेटांभोवतीचा सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित जाहीर झाला. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, आणि निर्णय अडीचशे माणसांच्या गावाचा.

आता १९६१. ऑगस्टपासून भूकंपाचे धक्के बसत होते. ऑक्टोबरमध्ये गावाला लागूनच जमीन फुगली, भेगाळली आणि लाव्हा बाहेर आला. १० ऑक्टोबरला सगळे, २६४ जण, होड्यांतून निघाले. आधी नाइटिंगेल बेट, मग केपटाउन, मग इंग्लंड. बहुतेकांनी कधी रेल्वे पाहिली नव्हती. त्यांना शेवटी साउदम्प्टनजवळच्या कॅलशॉट इथे वायुदलाच्या जुन्या वसाहतीत ठेवलं. कामं मिळाली, वीज मिळाली, टीव्ही मिळाला. सर्दी-खोकल्याचे साधे आजारही त्यांना जड गेले, काही म्हातारी माणसं दगावली. सरकारची अटकळ होती की आता हे इथेच रुळतील.

१९६२ च्या सुरुवातीला गेलेल्या शास्त्रज्ञांनी कळवलं की लाव्हाने शेवंडांचा कारखाना आणि होड्या लावायचे किनारे गिळले, पण घरं जवळपास शाबूत आहेत. डिसेंबरमध्ये गुप्त मतदान झालं. परत जायचं म्हणणारे १४८, नको म्हणणारे ५. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले, तेही अजून गरम असलेल्या दगडाच्या शेजारी. कॅलशॉटला त्यांना पगार होता, पण वरचा साहेब होता आणि घरमालकही होता.

जुने किनारे लाव्हाखाली गेल्यामुळे गावाला बंदर बांधावं लागलं. लहानसंच आहे, दोन धक्के आणि मध्ये होड्यांपुरतं पाणी. त्याचं नाव ठेवलं कॅलशॉट.