पावडर स्कीइंग, झाडीतील

पावडर स्कीइंग, झाडीतील : नुकत्याच पडलेल्या कोरड्या, भुसभुशीत बर्फावरून (यालाच पावडर म्हणतात), डोंगरउतारावरच्या विरळ झाडांमधून वळणे घेत स्कीवर खाली येण्याचा प्रकार. यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावरील स्कीइंगपेक्षा याचे तंत्र वेगळे आणि धोकेही वेगळे. जपानमधील होक्काइडो, अमेरिकेतील युटा आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया या भागांत तो चांगलाच रुजला आहे. भारतात मात्र यासाठी काश्मीरमधील गुलमर्गला तोड नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षे भटकलेल्या पुणेकराला या खेळाची ओढ वाटली तर नवल नाही. त्याला उपयोगी पडेल असेही काही या नोंदीत घेतले आहे.

ताजी पावडर म्हणजे बहुतांशी हवाच. एक घनमीटर पाण्याचे वजन १,००० किलो भरते, तर तेवढ्याच ताज्या कोरड्या बर्फाचे साधारण ५० ते १०० किलो. अशा बर्फात उभा माणूस मांडीपर्यंत रुततो. स्की तरंगते ती तिच्या रुंदीमुळे आणि वेगामुळे; म्हणून पावडरसाठी पायाखाली १०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्की वापरतात, आणि घाबरून वेग फार कमी करणारा हमखास रुततो. सपाट उतारावर शिकलेली सवय, म्हणजे सगळा भार बाहेरच्या पायावर टाकणे, इथे उपयोगाची नाही. भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा ठेवून, गुडघ्यांतून वरखाली होत, लयीत छोटी वळणे घ्यावी लागतात.

गुलमर्गला बर्फ मिळतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे. या हवामानाच्या अभ्यासाशी पुण्याचा जुना संबंध आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखली जाते. झंझावात कमजोर पडले की काय होते ते जानेवारी २०२४ मध्ये दिसले : २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा ऐन थंडीचा काळ असूनही गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते. त्यामुळे विमानाचे तिकीट महिनाभर आधी काढले तरी बर्फाची खात्री धरू नये.

झाडीत जायचे कशासाठी, याची दोन ठोस कारणे आहेत. उघड्या कड्यावर वारा बर्फ उडवून नेतो आणि दुसरीकडे दाबून बसवतो. झाडीत वारा पडतो, म्हणून बर्फ पडला तसाच हलका राहतो. दुसरे कारण डोळ्यांचे. हिमवर्षाव चालू असताना उघड्या डोंगरावर आकाश आणि जमीन एकच पांढरी होऊन जाते, उतार चढतो की उतरतो तेही कळेनासे होते. झाडांच्या काळ्या खोडांमुळे नजरेला अंतर आणि चढउतार पकडता येतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटरवर जातो. दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याच्या तिप्पट उंचीवर पोचतो. वादळात हा दुसरा टप्पा बंद राहतो आणि बाहेरून आलेले हिरमुसतात. जाणकार त्याच दिवशी खालची झाडी गाठतात.

वर, वृक्षरेषेजवळ, म्हणजे जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या उंचीजवळ, भूर्जाची झाडे आहेत. हिवाळ्यात ती निष्पर्ण असतात आणि त्यांच्यात उजेड व मोकळी जागा भरपूर मिळते. खाली फर आणि कैल या सूचिपर्णी झाडांचे दाट रान लागते. बाबारेशी, द्रंग आणि टंगमर्गकडे उतरणाऱ्या वाटा याच रानातून जातात. तिथून गाडीने परत गुलमर्गला यावे लागते.

आता धोक्याकडे. फरच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात आणि वरून येणारा बर्फ त्या अडवतात. त्यामुळे खोडाभोवती एक खोल, पोकळ खळगा तयार होतो. फांद्या बर्फाने झाकल्या की वरून तो दिसतच नाही. स्की करणारा झाडाला फार खेटून गेला, तोल गेला, की डोक्यावर खळग्यात पडतो. पाय स्कीसकट वर फांद्यांत अडकतात आणि धडपडीने सैल बर्फ चेहऱ्याभोवती आणखी कोसळत जातो. अमेरिका व कॅनडात स्वयंसेवकांना अशा खळग्यात ठेवून पाहिले, तेव्हा दहापैकी नऊ जणांना स्वतःहून बाहेर पडता आले नाही. मृत्यू येतो तो गुदमरून, आणि तोही काही मिनिटांत. म्हणून झाडीत जोडीनेच उतरायचे, आणि जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. तो खाली जाऊन थांबला असेल तर काही उपयोग नाही. सैल बर्फातून चढून वर यायला फार वेळ लागतो. गळ्यात शिट्टी हवी. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवायचे, म्हणजे काठी फांदीत अडकली तरी हात मोकळा राहतो.

झाडी आहे म्हणजे हिमकडा कोसळणार नाही, हा समज घातक आहे. स्की आरामात निघेल इतकी विरळ झाडी घसरता बर्फ थोपवू शकत नाही. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला हिमस्खलनात लष्कराचे १७ जवान मृत्युमुखी पडले; फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर दोन पोलिश स्कीपटू दगावले. गोंडोलालगतचा ठरावीक पट्टा सोडला की पुढचा डोंगर कोणी सुरक्षित करून ठेवलेला नसतो. तिथे प्रत्येकाकडे बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारा ४५७ किलोहर्ट्झचा शोधयंत्र-ट्रान्समीटर, फावडे आणि बर्फात खुपसून शोधायची लांब काठी हवी, आणि सोबत स्थानिक गाईड.

पुण्याहून शनिवार-रविवारपुरते जायचे तर विमानाला पर्याय नाही. झेलम एक्सप्रेसला जम्मूपर्यंतच दीड दिवसाहून अधिक लागतो. श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. टंगमर्गच्या पुढे बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच वर जातात. सोमवारी आलेली २६ जानेवारी ही उत्तम संधी, पण तेव्हा गोंडोलाच्या रांगाही लांब असतात. पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्याने या दोन-तीन दिवसांत झाडीचे नाव काढू नये; गुलमर्गच्या मैदानावरच्या सौम्य उतारांवर, हवे तेव्हा थांबता आणि दोन्ही बाजूंना आखूड वळता येईपर्यंत, सराव करावा. ज्यांना ते येते त्यांनी झाडाकडे न पाहता दोन झाडांमधल्या फटीकडे पाहावे, कारण नजर जाते तिकडे स्की जाते. सह्याद्रीत उतरताना झाडाचा आधार घ्यायची हाताला लागलेली सवय इथे आधी मोडावी लागते.

तयारीसाठी सिंहगड चढण्यापेक्षा उतरणे जास्त कामाचे आहे, कारण स्कीवर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, नेमके गड उतरताना होते तसे. पावडरमध्ये पडल्यावर निघालेली स्की बर्फाखाली दिसेनाशी होते. ती बहुधा आपण जिथे थांबलो त्याच्या वरच्या बाजूला असते. काठीने आडव्या रेघा मारत शोधावी. काही जण स्कीला लांब रंगीत फीत बांधतात.

मार्चच्या मध्यानंतर दुपारच्या उन्हाने बर्फ ओला होतो आणि रात्री त्याचे कडक कवच बनते. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या झाडीत पावडर त्यानंतरही काही दिवस टिकते.