किनारा अधिसूचनेत, मागणी संसदेकडे

मुंबईतली कांदळवने आणि कोळीवाडे ज्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांच्या, भरवशावर तग धरून आहेत, तो संसदेने संमत केलेला कायदा नव्हे. ती केंद्र सरकारने काढलेली अधिसूचना आहे. पर्यावरणाचे राष्ट्रीय कायदे बळकट करा, असे साकडे शहराच्या सहा खासदारांना का घालायचे, याचे उत्तर बरेचसे या एका वस्तुस्थितीत आहे.

जलप्रदूषणाविरुद्धचा स्वतःचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्येच केला होता आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी मंडळही स्थापन केले होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नाही. १९७२ च्या स्टॉकहोममधल्या जागतिक पर्यावरण परिषदेनंतर केंद्राचा जल कायदा १९७४ मध्ये, वन संवर्धन कायदा १९८० मध्ये आणि हवा कायदा १९८१ मध्ये आला. दरम्यान १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य ठरवले. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला, तेव्हा हे सारे तोकडे असल्याचे उघड झाले आणि १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा झाला.

या कायद्याच्या कलम ३ ने केंद्र सरकारला फार व्यापक अधिकार दिले. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामांपासून मोकळा ठेवा, असे पत्र इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. त्या विचाराला १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने बंधनकारक रूप दिले ते याच कलमाच्या आधारे. पण जे मंत्रालयाच्या सहीने आले, ते मंत्रालयाच्या सहीने बदलताही येते. पुढच्या २० वर्षांत तिच्यात सुमारे २५ दुरुस्त्या झाल्या, त्यांपैकी काही सर्वोच्च न्यायालयाला १९९६ मध्ये रद्द कराव्या लागल्या. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली आणि जानेवारी २०१९ मध्ये आणखी एक. या शेवटच्या अधिसूचनेने मुंबईसारख्या शहरांच्या किनारपट्टीवर १९९१ च्या पातळीला गोठवलेला चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल याचे प्रमाण, मोकळा केला. एवढा मोठा निर्णय झाला, पण त्यावर लोकसभेत मतदान झाले नाही.

प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांची तपासणी आणि त्यातली जनसुनावणी हीसुद्धा १९९४ आणि २००६ च्या अधिसूचनांवरच उभी आहे. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तिचा नवा मसुदा केवळ इंग्रजी आणि हिंदीत जाहीर झाला. तो मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत उपलब्ध करावा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. म्हणजे ज्यांच्या गावात आणि वस्तीत प्रकल्प येणार, त्यांना आपल्या भाषेत वाचून हरकत घेण्याचा साधा हक्कही मागून घ्यावा लागला.

मुंबईकरांनी या काळात आशेने पाहिले ते न्यायालयांकडे. कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ठरवले, आणि तो निकाल आजही शहराची मोठी ढाल आहे. तरीही न्यायालयाचा आधार नेहमीच पुरतो असे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी तोडल्या जाणाऱ्या आरेतल्या झाडांबाबतच्या याचिका उच्च न्यायालयात फेटाळल्या गेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये प्रकल्पांना कार्योत्तर, म्हणजे काम सुरू झाल्यावर, पर्यावरणीय मंजुरी देण्यास मनाई केली. नोव्हेंबरमध्ये तोच निकाल दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मागे घेतला गेला.

संसदेने हात घातला तेव्हाही कायदे कठोर झाले नाहीत. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने १९८६ च्या कायद्याच्या कलम १५ मधली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. त्याच वर्षी वन संवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीचे विधेयक पर्यावरण विषय पाहणाऱ्या संसदेच्या स्थायी समितीकडे न जाता त्या विधेयकापुरत्या नेमलेल्या संयुक्त समितीकडे गेले आणि तिथून एकाही बदलाविना परतले.

म्हणून खासदारांकडे करायची मागणी नेमकी हवी. प्रकल्पाआधीची मंजुरी, जनसुनावणी आणि किनाऱ्याचे संरक्षण मूळ कायद्यातच लिहिले जावे, त्यांतला कोणताही बदल विधेयक म्हणून सभागृहात यावा आणि असे विधेयक स्थायी समितीने जनतेच्या सूचना मागवून तपासावे.