फ्रीडरिखची निसर्गचित्रं: प्रतीकं आणि मूड

कास्पार डाव्हिड फ्रीडरिख (१७७४-१८४०) हा जर्मन रोमँटिक (म्हणजे भावना आणि कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलाप्रवाहातला) चित्रकार, मूळ बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डचा, नंतर ड्रेस्डेनला स्थायिक झालेला. श्रद्धा, मरण, एकटेपणा हे सगळं नुसत्या निसर्गातून सांगायचं, हे त्याच्याइतक्या ठामपणे फार कमी जणांनी केलंय.

त्याची प्रतीकं तशी सरळ आहेत. १८०८ च्या टेटशेन वेदीचित्रात (वेदीचित्र म्हणजे चर्चमधल्या पूजेच्या वेदीसाठी काढलेलं चित्र) डोंगरमाथ्यावर क्रूस, आजूबाजूला फरची झाडं आणि मावळतीचे किरण, बस्स. निसर्गचित्र थेट वेदीवर कसं काय चढवता म्हणून रामडोर या समीक्षकाने १८०९ मध्ये सडकून टीका केली, तेव्हा फ्रीडरिखने स्वतःच अर्थ सांगितला की खडक म्हणजे अढळ श्रद्धा आणि कायम हिरवी राहणारी झाडं म्हणजे आशा.

पण असे अर्थ पाठ करून त्याची चित्रं भिडत नाहीत, मूड येतो तो त्याने काय काय काढून टाकलं त्यातून. 'समुद्रकाठचा मठवासी' (१८०८-१०) बघा, साधारण ११० बाय १७१ सेंमीचं चित्र, खाली फिकट वाळूची पट्टी, मग जवळजवळ काळा समुद्र आणि वर आकाशच आकाश, त्यात एवढासा पाठमोरा माणूस. इन्फ्रारेड तपासणीत दिसलं की आधी समुद्रात जहाजं रेखाटलेली होती, ती त्याने झाकून टाकली. नजर टेकवायला कडेला झाड नाही की कमान नाही, म्हणून तर लेखक क्लाइस्टला हे बघताना पापण्याच कापून टाकल्यासारखं वाटलं. १८१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनातून हे चित्र आणि जोडीचं 'ओकच्या रानातला मठ' प्रशियाच्या राजाने विकत घेतलं. दुसऱ्यात पडका मठ, निष्पर्ण ओक आणि धुक्यात शवपेटी घेऊन चाललेले मठवासी आहेत, भग्नावशेष ग्राइफ्सवाल्डजवळच्या एल्डेना मठाचे. दोन्ही आज बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरी या कलासंग्रहालयात आहेत.

'बर्फाचा समुद्र' (१८२३-२४) मध्ये फुटलेल्या बर्फाच्या लाद्या एकमेकींवर चढल्यात आणि चिरडलेलं जहाज उजवीकडे शोधावं लागतं. १७८७ मध्ये त्याचा भाऊ बर्फ फुटून बुडून मेला होता, त्याच्याशी हे चित्र जोडतात, पण तेवढ्यावरच थांबलं तर चित्र फार लहान होतं. एल्बे नदीतला बर्फ त्याने जवळून अभ्यासला होता आणि म्हणूनच त्या कडा इतक्या खऱ्या वाटतात. हे चित्र त्याच्या हयातीत विकलंच गेलं नाही, मागून लोक फ्रीडरिखलाही विसरले आणि १९०६ च्या बर्लिनमधल्या मोठ्या प्रदर्शनानंतर त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं.