चेनमधला सोळांश इंच

गेल्या जुलैत यवतेश्वरच्या घाटात माझी सायकल ऐन चढावर अडली. पाऊस भुरभुरत होता. पुढचं लहान चक्र, मागचं मोठं, असा सगळ्यात हलका गिअर लावून मी वर निघालो होतो आणि एकाएकी पॅडल जागच्या जागी गच्च झालं. वाकून पाहिलं तर चेन चक्राच्या खालच्या बाजूला सुटलीच नव्हती. दातांना धरून ती तशीच वर ओढली गेली होती आणि चक्र नि फ्रेमची दांडी यांच्या बेचक्यात रुतून बसली होती. हातानं उपसून काढली, शंभर पावलांवर पुन्हा तेच. शेवटी सायकल हातात धरून साताऱ्यात उतरलो.

घरी आल्यावर ते चक्र खोलून वर्तमानपत्रावर ठेवलं. आपले मिस्त्री त्याला चेनव्हील म्हणतात, नवी सायकलवाली मंडळी चेनरिंग. नव्या चेनव्हीलचा दात दोन्ही अंगांनी सारखा असतो. माझ्या चेनव्हीलचे दात एका बाजूला कलले होते, विळ्याच्या टोकासारखे. बोट फिरवलं तर कडेला धार लागत होती. सगळ्या दातांची झीजही सारखी नव्हती. समोरासमोरच्या दोन भागांत दात जास्त खाल्ले गेले होते, मधले बरेच शाबूत. याचं कारण आपल्या पायात आहे. पॅडल आडवं असतं तेव्हा जोर सर्वांत जास्त लागतो, वर-खाली असतं तेव्हा अगदी कमी. एका फेरीत दोन पाय, म्हणून जोराच्या जागाही दोन.

तो जोर केवढा असतो, हे तरफेच्या साध्या हिशेबानं काढता येतं. माझं वजन ७० किलो, क्रँकची, म्हणजे पॅडलच्या दांड्याची, लांबी १७० मिलिमीटर, ३४ दातांच्या चेनव्हीलची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर. चढावर उभं राहून सगळं वजन आडव्या पॅडलवर टाकलं, की चेनला १७० किलोच्या वर ओढ बसते. ४४ दातांच्या मोठ्या चक्रावर तीच ओढ साधारण १३४ किलो. घाटात पायाला हलका वाटणारा गिअर चेनला मात्र जड जातो.

पण दात वाकडे झाले ते नुसत्या ओढीनं नाही. खोड चेनमध्ये होती. ‘चेन ताणली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण पोलादाच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. १८८० साली मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर चेन तयार केली. आजच्या सायकलच्या चेनचं मूळ तिच्यात आहे. प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती फिरणारा रोलर. चेन चक्रावर वळते तेव्हा हा सांधा ओढीखाली दुमडतो, आणि पिन आतल्या आत घासली जाते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, १२ इंचांत असे २४ सांधे. प्रत्येक सांध्यात एखाद्या केसाच्या जाडीएवढी झीज झाली, तरी १२ इंचांमागे चेन इंचाच्या सोळाव्या भागानं लांबते.

दातांमधल्या खोबणींचं अंतर मात्र तेच राहतं. मग रोलर खोबणीच्या तळाशी बसत नाही, दाताच्या अंगावर वर चढतो. पूर्वी अनेक दातांनी वाटून घेतलेला भार आता मोजक्या दातांवर येतो आणि ते कोरले जातात. असा कोरलेला, हुकासारखा दात खाली आल्यावर रोलरला सोडत नाही. त्यात चिखल असला तर विचारूच नका.

म्हणून घरात स्टीलची फूटपट्टी हवी. चेन ताठ ठेवा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या कडेवर लावा आणि तिथून पुढच्या चोविसाव्या सांध्याची पिन पाहा. तिची तीच कड बरोबर १२ इंचांवर असेल तर चेन चांगली. सोळांश इंच पुढे गेली असेल तर गिअरच्या सायकलची चेन बदलायची वेळ झाली. ११-१२ गिअरच्या बारीक चेनला तर अजिबात थांबू नका. अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर मागची चक्रंही बहुधा गेलेली असतात. त्यांच्यावर नवी चेन घातली की जोर लावताच ती दातांवरून सटकते. आधी मागची चक्रंच जातात, कारण तिथे दात कमी आणि फेऱ्या जास्त. मी मोजायला उशीर केला आणि एका चेनच्या जागी तिन्ही गोष्टी घ्याव्या लागल्या.

तेलाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. तेल लागतं पिनेला, रोलरच्या आत. बाहेरून चेन चमकवण्यासाठी ते नाही. बाहेर राहिलेल्या तेलावर कासच्या बाजूची जांभ्याची लाल माती आणि रस्त्यावरच्या खडीचा चुरा बसतो, आणि गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते. ती आत शिरली की पीठ दळल्यासारखं पोलाद दळलं जातं. इंजिनाचं जुनं काळं तेल म्हणूनच नको, त्यात काजळी आणि धातूचे कण आधीच असतात. ग्रीस आत पोचत नाही, वरच्या वर माती धरतं. खोबरेल तर २४ अंशांच्या खाली गोठतं. साताऱ्याची थंडीतली सकाळ आठवा. शिलाई मशिनचं तेल वेळेला चालतं, पण पहिल्या पावसात धुऊन जातं. सायकलच्या चेनसाठी मिळणारं तेलच घ्या.

आधी चेन फडक्यानं पुसा. फार माखली असेल तर ब्रशला थोडं डिझेल लावून घासा आणि पूर्ण वाळू द्या. मग पॅडल उलटं फिरवत एकेका रोलरवर एकेक थेंब सोडा. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी जुन्या बनियननं चेन बाहेरून कोरडी होईपर्यंत पुसा. पावसात भिजून आलात तर हे त्याच संध्याकाळी करा.

झीज पाहायला चेनव्हील खोलायची गरज नाही. चेन मोठ्या चक्रावर घ्या, चक्राच्या अगदी पुढच्या टोकाला ती चिमटीत धरा आणि पुढे ओढा. नवी असेल तर जेमतेम हलते. माझी जुनी चेन ओढल्यावर दाताचं निम्मं अंग उघडं पडायचं आणि पलीकडचा उजेड दिसायचा.