पडद्यावरचा बुकी : अमेरिकी खेळ, सट्टा आणि वैतागलेला प्रेक्षक

अमेरिकेत २०१८ च्या मे महिन्यापर्यंत एखाद्या सामन्यावर कायदेशीर पैज लावायची तर जवळपास नेवाडा राज्यातच जावं लागे. आज तीन चतुर्थांशांहून अधिक राज्यांत ते कायदेशीर आहे, बहुतेक ठिकाणी तर फोनवरूनच. सामना लावला की भाव, पार्ले (अनेक पैजा जोडून केलेली एकच पैज), ‘पहिली पैज हरलात तरी पैसे परत’ अशा जाहिराती, मध्यंतरात अमुक खेळाडू किती गुण करेल यावर चर्चा, हे सगळं ओघानं येतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२५ च्या पाहणीत ४३ टक्के प्रौढ अमेरिकनांनी कायदेशीर सट्टा समाजाला घातक असल्याचं सांगितलं. २०२२ मध्ये असं म्हणणारे ३४ टक्के होते. सट्ट्यामुळे खेळाचं नुकसान होतं असं मानणारे ३३ वरून ४० टक्क्यांवर गेले. याच काळात पैज लावणाऱ्यांचं प्रमाण मात्र १९ वरून २२ टक्के, म्हणजे थोडंसंच वाढलं.

प्रेक्षकांची तक्रार साधारण अशी असते : आमचा खेळ चांगला होता, सट्टेवाल्यांनी त्यात घुसून तो नासवला. वैताग खरा आहे, पण त्यामागचा इतिहास तसा नाही. सट्टा अमेरिकी प्रक्षेपणात कित्येक दशकं होता. त्याचं नाव घ्यायचं नाही, एवढाच दंडक होता, आणि प्रेक्षकांचा त्या दंडकाला फारसा आक्षेप नव्हता.

सुरुवात पॉइंट स्प्रेडपासून करावी लागते. त्याआधीचा सट्टा सरळ होता, कोण जिंकणार एवढाच. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी सिनसिनाटीविरुद्ध हरण्यासाठी पैसे घेतल्याचं प्रकरण याच प्रकारातलं. न्यायालयात ते सुटले, तरी बेसबॉलचे पहिले आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठ जणांना कायमचं बाहेर काढलं. पण ‘कोण जिंकणार’ या सट्ट्यात बुकीची एक अडचण असते. एक संघ फारच बलाढ्य असेल तर सगळे पैसे त्याच्यावरच येतात. शिकागोचे चार्ल्स मॅकनील हे आधी गणिताचे शिक्षक, नंतर बुकी. चाळीसच्या दशकात स्प्रेड रूढ करण्याचं श्रेय सहसा त्यांना दिलं जातं. बलाढ्य संघानं नुसतं जिंकून भागणार नाही, समजा साडेसात गुणांपेक्षा जास्त फरकानं जिंकायला हवं. कमकुवत संघ हरला तरी चालेल, फक्त सात किंवा कमी गुणांनी हरला पाहिजे. एवढ्या एका युक्तीनं दोन्ही बाजूंनी पैसे येऊ लागले.

याचे दोन परिणाम झाले. पहिला काळा. खेळाडूला आता सामना हरायचीही गरज उरली नाही, जिंकायचं पण जरा कमी फरकानं, एवढं केलं की झालं. १९५० मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे खेळाडू पुढच्याच वर्षी नेमक्या याच गुन्ह्यात पकडले गेले.

दुसऱ्या परिणामाबद्दल फारसं बोललं जात नाही, पण टीव्हीच्या दृष्टीनं तोच मोलाचा. स्प्रेडमुळे एकतर्फी सामन्यातही शेवटच्या मिनिटापर्यंत जीव राहतो. एक संघ ३१-१० नं पुढे आहे, तीस सेकंद उरलेत आणि हरणाऱ्या संघानं टचडाऊन करून सात गुण मिळवले. निकालाच्या दृष्टीनं त्याला काडीचा अर्थ नाही. पण स्प्रेड साडेसतरा असेल तर एकवीसचा फरक चौदावर आला आणि देशभरात कितीतरी लोकांचे पैसे इकडचे तिकडे झाले. ही माणसं चॅनल बदलत नाहीत, आणि ती बदलत नाहीत हे जाहिराती विकणाऱ्या वाहिनीला ठाऊक असतं.

अमेरिकी फुटबॉलची लीग एनएफएल हिची भूमिका जाहीरपणे कडक होती. १९४६ च्या अंतिम सामन्याआधी न्यूयॉर्क जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचं उघड झालं, तेव्हापासून लीगनं धास्ती घेतली. १९६३ मध्ये पॉल हॉर्नंग आणि अॅलेक्स कॅरस या दोन नामवंतांना पैजा लावल्याबद्दल निलंबित केलं गेलं. जखमी खेळाडूंची यादी सामन्याआधी जाहीर करण्याची पद्धतही याच धास्तीतून आली. आतली बातमी मोजक्या सट्टेबाजांच्या हाती राहू नये, म्हणून ती सगळ्यांना सांगून टाकायची. आज चाहते ती यादी निव्वळ खेळाची माहिती म्हणून वाचतात.

१९७६ मध्ये सीबीएस या वाहिनीनं ‘द एनएफएल टुडे’ या सामन्याआधीच्या कार्यक्रमात जिमी ‘द ग्रीक’ स्नायडर यांना आणलं. हे गृहस्थ लास व्हेगासचे भाव काढणारे म्हणून देशभर प्रसिद्ध. सट्ट्याची माहिती राज्याबाहेर दिल्याच्या प्रकरणात त्यांना शिक्षा झालेली होती आणि १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ती माफ केली होती. अशा माणसाला रविवारी कुटुंबासह बघायच्या कार्यक्रमात का बसवलं, हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पण नियम असा की स्प्रेड हा शब्द उच्चारायचा नाही. ग्रीक मग एका फळ्यावर कोणत्या संघाची कोणती बाजू वरचढ ते खुणांनी दाखवत आणि शेवटी अंदाज सांगत : अमुक संघ, २४-२०. ज्याला कळायचं त्याला कळे. इतरांच्या लेखी तो एका जाणकाराचा अंदाज. ते बारा वर्षं तिथं होते. १९८८ मध्ये त्यांची नोकरी गेली ती कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दलच्या एका संतापजनक वक्तव्यामुळे. सट्ट्याचा तिथं संबंध नव्हता.

ग्रीक गेले, खुणावणं राहिलं. कॉमेंटेटर ब्रेंट मसबर्गर सामना संपत आला की ‘वाळवंटातल्या मित्रांची’ आठवण काढत, म्हणजे लास व्हेगासची. अल मायकल्स निरर्थक वाटणाऱ्या शेवटच्या गुणांवर असं काही मिश्कील बोलत की दोन्ही संघांच्या एकूण गुणांवर पैसे लावणाऱ्याला नेमकं कळावं. चाहत्यांना हे आवडे. माझ्या मते आजचा वैताग समजून घ्यायची किल्ली इथंच आहे. त्या एका वाक्याला दोन श्रोते होते आणि दोघेही खूश होते. पैज न लावणाऱ्याचं काही बिघडत नव्हतं. पैज लावणाऱ्याला आपण कुठल्याशा गुप्त मंडळाचे सभासद असल्यासारखं वाटे. आणि मुख्य म्हणजे कॉमेंटेटर काहीही विकत नव्हता.

दरम्यान कायदा उलट दिशेनं चालला होता. १९८९ मध्ये बेसबॉलचा महान फलंदाज पीट रोझ सट्ट्यापायी हद्दपार झाला. १९९२ मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्यानं नेवाडासारखे काही अपवाद सोडून राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायला मनाई केली. त्याचे पुरस्कर्ते सिनेटर बिल ब्रॅडली स्वतः न्यूयॉर्क निक्सचे माजी बास्केटबॉलपटू. २००३ मध्ये तर एनएफएलनं सुपर बोल या आपल्या अंतिम सामन्यात लास व्हेगासच्या पर्यटनाची जाहिरातसुद्धा चालू दिली नाही. पुढे २०२० मध्ये याच लीगचा रेडर्स संघ लास व्हेगासला राहायला गेला.

मधल्या काळात फँटसी खेळांनी, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायच्या स्पर्धांनी, जमीन नांगरून ठेवली. २००६ च्या ऑनलाइन जुगारविरोधी कायद्यात त्यांना सूट होती. त्या आडोशानं ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल या कंपन्या वाढल्या. २०१५ च्या फुटबॉल हंगामाच्या सुरुवातीला या दोघींनी जाहिरातींचा असा मारा केला की सामना बघणारे कंटाळले, आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी हा जुगारच आहे म्हणून नोटिसा काढल्या. पुढे काय होणार याची ही रंगीत तालीम होती, पण तेव्हा तसं कोणी पाहिलं नाही.

लीगांमधली पहिली जाहीर फूट नोव्हेंबर २०१४ मधली. बास्केटबॉलची लीग एनबीए हिचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून मागणी केली की सट्टा भूमिगत चालतोच आहे, तर तो कायदेशीर करून त्यावर देखरेख ठेवा. युक्तिवाद चुकीचा नव्हता. फक्त देखरेखीबरोबर धंदाही येणार, हे त्यात दबक्या आवाजात होतं. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं न्यू जर्सीच्या बाजूनं निकाल देत १९९२ चा कायदा रद्द केला. सट्टा चांगला की वाईट यावर न्यायालयानं मत दिलेलं नाही. केंद्र सरकार राज्यांना असा हुकूम देऊ शकत नाही, एवढाच घटनात्मक मुद्दा होता. दोन-अडीच महिन्यांत एनबीएनं एमजीएम रिसॉर्ट्स या कॅसिनो कंपनीशी करार केला. २०२१ मध्ये एनएफएलनं सीझर्स, ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल यांना अधिकृत भागीदार करून घेतलं. हॉर्नंग-कॅरस यांना निलंबित करणारी लीग ती हीच.

इथून प्रेक्षकाचा अनुभव बदलला. जाहिराती वाढल्या हे तर झालंच, पण जाहिरातींची सवय अमेरिकी प्रेक्षकाला आहे, मोटारी आणि बिअरच्या जाहिरातींत तो लहानाचा मोठा होतो. त्याला खुपलं ते वेगळंच. संघाचा बचाव ढिला पडलाय हे सांगणारा विश्लेषक आता त्याच दमात या खेळाडूच्या ‘पन्नास यार्डांच्या वर’चा भाव सांगू लागला, आणि तो भाव देणारी कंपनी कार्यक्रमाची प्रायोजक. तो जे म्हणतोय ते त्याला खेळातून दिसतंय, की कंपनीला ते खपवायचं आहे? ग्रीकच्या काळात हा प्रश्न पडत नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ईएसपीएननं पेन एंटरटेनमेंट या कॅसिनो कंपनीच्या जोडीनं ‘ईएसपीएन बेट’ हे सट्टाघर आणलं, तेव्हा बातमी देणारी वाहिनी आणि बुकी यांच्या दारावर एकच पाटी लागली.

हाच प्रश्न ऑस्ट्रेलियात आधीच उभा राहिला होता. २०१३ मध्ये चॅनल नाइनच्या रग्बी लीग प्रक्षेपणात टॉम वॉटरहाऊस हे बुकी थेट कॉमेंट्रीच्या ताफ्याबरोबर दिसू लागले. लोक इतके खवळले की पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांच्या सरकारला सामना सुरू असताना भाव जाहीर करण्यावर बंदी आणावी लागली. २०१८ मध्ये रात्री साडेआठपर्यंतच्या थेट प्रक्षेपणातून सट्ट्याच्या जाहिरातीही हटल्या, आणि २०२३ मध्ये खासदार पीटा मर्फी यांच्या समितीनं ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती टप्प्याटप्प्यानं पूर्ण बंद कराव्यात अशी शिफारस केली. ब्रिटनमध्ये सट्ट्याची दुकानं १९६१ पासून कायदेशीर, त्यामुळे तिथं सट्ट्याचं कोणाला अप्रूपही नव्हतं आणि लाजही. तरीही मध्यंतरात ताजे भाव ओरडून सांगणाऱ्या जाहिरातींना लोक विटले. २०१९ पासून कंपन्यांनी स्वतःहूनच रात्री नऊपूर्वीच्या सामन्यांत शिट्टी ते शिट्टी जाहिराती थांबवल्या. खेळाडूंच्या छातीवरचं सट्टा कंपनीचं नाव मात्र नव्वद मिनिटं दिसतच राहिलं. प्रीमियर लीगच्या क्लबांनी ते २०२५-२६ च्या हंगामानंतर काढायचं एप्रिल २०२३ मध्ये ठरवलं. कॅनडात ऑन्टॅरिओचा बाजार एप्रिल २०२२ मध्ये खुला झाला आणि हॉकीच्या प्रक्षेपणात वेन ग्रेट्स्की, कॉनर मॅकडेव्हिड सट्ट्याच्या जाहिराती करताना दिसू लागले. दोन वर्षांच्या आत खेळाडूंना अशा जाहिराती करायला तिथं मनाई झाली.

अमेरिकेत असं काही देशपातळीवर झालेलं नाही. व्यावसायिक अभिव्यक्तीला तिथं घटनेचं मोठं संरक्षण आहे, हे त्याचं एक कारण. राज्यांना मिळणारा कर हे दुसरं.

आणि चाहता या सगळ्यात नुसता बळी आहे असंही नाही. एका खेळाडूच्या एका आकड्यावर पैज लावता येऊ लागल्यापासून शिव्याही त्या खेळाडूच्या नावानंच जाऊ लागल्या. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनच्या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) लान्स मॅकलर्स याच्या मुलांना मारण्याच्या धमक्या आल्या. पुढच्याच महिन्यात धावपटू गॅबी थॉमसला फिलाडेल्फियातल्या शर्यतीत एकानं मुद्दाम डिवचलं आणि आपली पैज जिंकल्याची फुशारकी मारली. फॅनड्युएलनं त्याचं खातं बंद केलं. महाविद्यालयीन खेळाडूंवरच्या अशा वैयक्तिक पैजा थांबवा म्हणून त्या खेळांची नियामक संघटना एनसीएए राज्यांच्या मागे लागलं आहे. आणखी एक बारीक त्रास स्ट्रीमिंगवर बघणाऱ्यांना ठाऊक असेल. चित्र काही सेकंद मागे असतं, त्यामुळे फोनवर भाव आधी हलतो आणि चेंडू बास्केटमध्ये नंतर पडतो.

जुनी भीती परत आली तीही याच लहान पैजांच्या वाटेनं. एप्रिल २०२४ मध्ये एनबीएनं टोरांटोच्या जॉन्टे पोर्टरला कायमचं बाद केलं. त्यानं सट्टेबाजांना आतली माहिती दिली होती आणि स्वतःचे आकडे कमी राहावेत म्हणून एका सामन्यातून लवकर अंग काढून घेतलं होतं. सामना हरायची गरज नाही हे १९५१ मध्ये कळलं होतंच. आता तर फरक कमी करायचीही गरज उरली नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये काही दिवसांत तीन गोष्टी घडल्या. ईएसपीएननं पेनशी असलेला करार मोडून ‘ईएसपीएन बेट’ गुंडाळलं आणि डिसेंबरपासून ड्राफ्टकिंग्जला आपलं अधिकृत सट्टाघर नेमलं. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघातल्या इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ या पिचरांवर ठरवून विशिष्ट चेंडू टाकल्याचे फौजदारी आरोप दाखल झाले. दोघांनी ते नाकारले आहेत. लगोलग मेजर लीग बेसबॉलनं जाहीर केलं की एकेका चेंडूवरची पैज यापुढे २०० डॉलरपेक्षा मोठी घेतली जाणार नाही आणि ती पार्लेत जोडता येणार नाही. पैज बंद केलेली नाही.