बोटीच्या सीटवरचा गुलाबी डाग घासून का जात नाही?

पावसाळा सरला की कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोली-तापोळ्याच्या बोटींवरच्या ताडपत्र्या निघतात. शेजारच्या महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे ताडपत्रीखाली दमटपणा मुरलेलाच असतो. पांढऱ्या सीटवर गुलाबी डाग दिसले की कुणी गुलालाला दोष देतं, कुणी पान खाणाऱ्या पाहुण्याला. मग साबण, ब्रश, तारेची घासणी. डाग मात्र तसाच, कारण तो सीटच्या वर नसतोच. तो आत असतो.

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तो कापडावर चढवलेला पीव्हीसीचा थर. नळाचा पाइपही पीव्हीसीचाच, पण तो कडक. सीट मऊ होते ती प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवामुळे. बऱ्याचदा तो थराच्या वजनाचा तिसरा हिस्सा भरतो. त्याचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून बसतात, पण त्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. म्हणून ते आतल्या आत सरकू शकतात.

काळे ठिपके हे वेगळं प्रकरण. ऑरिओबॅसिडियमसारखी बुरशी प्लास्टिसायझरवरही जगू शकते आणि तिचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. ती वरच्यावर असेल तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

गुलाबी डागाचे कर्ते म्हणजे स्ट्रेप्टोमायसीस गटाचे जिवाणू. ते खालच्या ओल्या फोममध्ये किंवा अस्तरात वाढतात आणि प्रोडिजिनिन वर्गातली रंगद्रव्यं तयार करतात. पीव्हीसीवर गुलाबी डाग पाडणाऱ्या जिवाणूत हीच रंगद्रव्यं असल्याचं १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. या रंगद्रव्याच्या रेणूत पायरोल नावाची तीन नायट्रोजनयुक्त वलयं आणि हायड्रोकार्बनचा, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनचा, भाग असतो, त्यामुळे त्याचं पाण्याशी जमत नाही, तेलाशी जमतं. रश्श्यात मिरचीचा रंग तर्रीत उतरतो, तसंच हे. प्लास्टिसायझर मिळाला की रंग त्यात विरघळतो, आणि खाली दाट, वर विरळ असल्यामुळे हळूहळू वर सरकतो. उन्हाने सीट तापली की आणखी वेगाने. जिवाणू खालीच राहतात, वर येतो तो फक्त रंग. म्हणून ब्लीचने वरचा थर फिका पडला तरी खालून नवा रंग येत राहतो. थिनर रंग ओढतो खरा, पण सोबत प्लास्टिसायझरही ओढतो. मग सीट कडक होऊन तडकते.

१८१९ साली इटलीत पादुआजवळ मक्याच्या पिठाच्या उकडीवर लाल डाग उमटले, तेव्हा लोकांना सैतानी करणी वाटली. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधतज्ज्ञाने तो सूक्ष्मजीवाचा खेळ असल्याचं दाखवलं. तो जीव म्हणजे सेराशिया नावाचा जिवाणू, त्याचं रंगद्रव्य याच प्रोडिजिनिन कुळातलं. आपल्याकडे सैतानाची जागा व्हॉट्सॲपवरच्या सोडा-व्हिनेगरने घेतली आहे. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं बहुतेक सोडियम ॲसिटेटचं पाणी. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मात्र चुकूनही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डाग नुकताच उमटत असेल तर गाद्या सोडवून फोम खडखडीत वाळवावा, म्हणजे नवा रंग तयार होणं तरी थांबेल. रंग पूर्ण मुरला असेल तर नुसतं कव्हर बदलून भागत नाही. जुना फोम आणि खालची ओली फळी तशीच ठेवली तर नव्या रेक्झिनमध्येही तोच रंग चढतो.