यिंद्रझिखूव ह्रादेत्स जिल्हा

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमिया प्रदेशातील, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असलेला ग्रामीण जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे 1,940 चौ. किमी., लोकसंख्या सुमारे 90 हजार. लोकवस्तीची घनता देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. 2002 अखेर जिल्हा कार्यालये बंद झाली, तरी जिल्हा हे एकक व्यवहारात टिकून आहे.

पश्चिमेकडील त्रझेबोन्य शहराभोवतीचा भाग सखल व दलदलीचा, तर पूर्वेकडचा डोंगराळ, थंड आणि जंगलांचा. पश्चिमेच्या लुझ्नित्से व नेझार्का या नद्यांचे पाणी व्लतावा आणि एल्बमार्गे उत्तर समुद्रास मिळते. पूर्वेच्या दाचित्से या गावावरून वाहणारी मोराव्हियन दिये नदी मात्र डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राकडे जाते.

दलदलीची जमीन शेतीला कुचकामाची, म्हणून तिथे तळी करून मासे पिकवण्यात आले. तळी बांधणारा श्त्येपानेक नेतोलित्स्की याने 1506 ते 1520 या काळात सुमारे 47 किमी. लांबीचा ‘सोनेरी कालवा’ खोदून तळ्यांना पाणी पुरवले. पुढे याकुब क्रचीन याने 1584 ते 1590 मध्ये रोझंबेर्क हे देशातील सर्वांत मोठे तळे बांधले. लुझ्नित्सेचा पूर या तळ्यावर येऊ नये म्हणून त्याने ‘नवी नदी’ खोदून जादा पाणी नेझार्केत वळवले. रोझंबेर्कचा मातीचा बांध सुमारे 2.4 किमी. लांब असून त्यावर जुने ओक उभे आहेत. 2002 च्या महापुरात या तळ्याने प्रचंड पाणी अडवून धरले.

तळ्यांतले मुख्य पीक कार्प मासा. शरद ऋतूत मोरी उघडून पाणी हळूहळू सोडतात. उरलेल्या डबक्यात मासे दाटीवाटीने जमले, की उंच रबरी बूट घातलेले कोळी जाळे ओढत त्यांना एका कडेला आणतात. बांधावर बघ्यांची गर्दी होते, तळलेला कार्प खपतो. जिवंत मासे स्वच्छ पाण्याच्या हौदांत ठेवतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चेक घरांत कार्प लागतोच. ‘त्रझेबोन्यचा कार्प’ या नावास युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. याच दलदलीतल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) मातीवर त्रझेबोन्यचे आरोग्यस्नान चालते.

पूर्वेला शेती आणि जंगलावर भर आहे. 1843 मध्ये साखरेचे चौकोनी खडे दाचित्सेच्या कारखान्यात प्रथम बनले. साखरेच्या मोठ्या शंकूच्या आकाराच्या ढेपेतून तुकडे तोडताना कारखान्याचे संचालक याकुब क्रिश्टोफ राद यांच्या पत्नीचे बोट कापले, हे त्यामागचे निमित्त सांगतात.

वाहतुकीच्या बाबतीत जिल्हा आडबाजूलाच पडला. चेस्के बुद्येयोवित्से ते हुंपोलेत्स हा 34 क्रमांकाचा रस्ता मुख्य आहे. व्हिएन्ना-प्राग जुना लोहमार्ग त्रझेबोन्यवरून जातो. यिंद्रझिखूव ह्रादेत्स या गावाहून 760 मिमी. रुंदीचे दोन अरुंदमापी लोहमार्ग निघतात : नोव्हा बिस्त्रझित्से (1897) आणि ओब्रातान्य (1906). गावाजवळ काही अंतर तीन रूळ आहेत, म्हणजे अरुंद आणि नेहमीच्या अशा दोन्ही मापांच्या गाड्या एकाच वाटेने जाऊ शकतात. पर्यटकांची आवडती ही अरुंदमापी गाडी 2022 मध्ये चालक कंपनी बुडाल्याने थांबली होती.